केशरी, लुकलुक

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणून मी माहीमला.
टॅलीचा कॉम्प्युटर भांडुपला,
आणि त्याच्याजवळ राहिलेला माणूस
एकतीस वर्षं बंदराच्या सिग्नल-मनोऱ्यावर होता,
माऊसला मात्र लांबूनच नमस्कार करतो.

पहिल्या रात्री किल्ल्या बनवल्या.
एक जगाला दाखवायची, एक कुणालाच नाही.
घरातल्यांनाही नाही, असं मी सांगितलं
तेव्हा ते म्हणाले, मग मी काय करू?

दुसऱ्या रात्री कळलं, आमच्या घराला पत्ताच नाही.
केबलवाल्या पाष्टेने अख्ख्या गल्लीला
मिळून एकच पत्ता दिलाय;
बाहेरून हाक मारली तर
तीनशे दारांतलं कुठलं उघडायचं, कुणाला ठाऊक.
"स्वतःचा हवा तर महिना दीडशे, मॅडम."
इतकी वर्षं वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादी,
सगळीकडे बी-तीन, पहिला मजला लिहीत आले,
आणि हे असं.
दीडशे भरले.

तिसऱ्या रात्री फोनवर विचारलं, राउटरवर काय दिसतंय?
"डावीकडून पहिला हिरवा, स्थिर.
दुसरा हिरवा, स्थिर.
तिसरा केशरी. लुकलुक. दर दोन सेकंदांनी एक,
मध्ये एकदा चुकला."
एवढं कंपनीच्या पोरानेही सांगितलं नसतं.
लग्नाला छत्तीस वर्षं झाली,
मी कशी दिसते हे मला त्यांनी
इतक्या नीट कधी सांगितलेलं नाही.

चौथ्या रात्री हस्तांदोलन झालं.
पडद्यावर तसं लिहूनच आलं: अठरा सेकंदांपूर्वी.
पण त्यापुढे काही नाही.
हॉलमध्ये नवे व्याही भेटतात तसं,
हात हातात, आणि बोलायला विषय नाही.
घरच्या सात नंबरला हाक मारते,
ओ येते, दार उघडत नाही.
मशीन झोपत असेल म्हणून त्याची झोप बंद करवली.
फायरवॉलला समजावलं.
ताई आतून म्हणाली, अगं, जाऊनच ये ना घरी,
तासाभराचा तर रस्ता.
खरंच होतं. गेले नाही.

पहाटे खाडीचा वास खिडकीत आला तेव्हा उमगलं:
ताईच्या घराचा आणि माझ्या घराचा आकडा एकच.
एक-नऊ-दोन, एक-सहा-आठ, एक.
कारखान्यातूनच खोक्यावर मारून येतो,
कुणी बदलायला जात नाही.
मी घरी म्हणून जे पाठवत होते
ते इथल्या इथेच फिरून
ताईच्या टीव्हीवर जाऊन धडकत होतं.
आपण घरीच आहोत असं वाटल्यावर
कोण कशाला बाहेर पडेल?

एका घराने आकडा बदलायला हवा.
ताईचा बदलणं बरं दिसेना, कनेक्शन भावोजींच्या नावावर.
पाचव्या रात्री ह्यांना खुर्चीत बसवलं.
"शेवटचा एक खोडा, तिथे सत्तेचाळीस."
"चार. सात. पुन्हा सांगतो, चार, सात."
"सेव्ह."
"सेव्ह केलं. सगळे दिवे गेले."
दोघंही गप्प.
माहीमचा पंखा, भांडुपचा पंखा, फोनमध्ये दोन्ही.
"पहिला आला," ते म्हणाले. "दुसरा."

मग माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये
भांडुप उघडलं:
मार्चची अर्धी राहिलेली एंट्री,
आणि तिच्यावर, मी कधीच न उघडलेलं नोटपॅड.
पाचही रात्री, तारीखवार, एका बोटाने.
आजचं असं:

२१.१० हिरवा, हिरवा, केशरी लुकलुक.
२१.३५ ती चिडली.
२१.३६ केशरी.
२२.०४ सर्व दिवे गेले.
२२.०७ आले.

बघता बघता कर्सर खालच्या ओळीवर गेला.
मी हात लावला नव्हता.
एकेक अक्षर, थांबत थांबत:

२२.०९ जहाज दिसले

पूर्णविराम राहिला होता.
तो मी इथून दिला.